पन्नास रुपयांच्या सेलपायी गेलेले सात हजार

माझा डेस्कटॉप २०१० साली घेतलेला आहे. विंडोज ७, बत्तीस बिट, दोन जीबी रॅम. सोसायटीच्या नोटिसा आणि जमाखर्च एवढेच काम त्यावर होत असल्याने तो बदलावा असे मला कधी वाटले नाही; इंटरनेटची कामे मी मोबाइलवरच उरकतो. गेल्या पावसाळ्यात जुना प्रिंटर बंद पडला आणि नव्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर टाकताना माझी फसवणूक झाली. जुना संगणक बाळगून असलेल्या इतरांना ती कळावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पुतण्याने पेन ड्राइव्हवर आणून दिलेली फाइल मी चालवली, की काम अर्ध्यावर थांबे आणि ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही, इंटरनेट जोडणी तपासा’ अशा अर्थाची सूचना येई. मोबाइलचे इंटरनेट वायरने जोडलेले होते, तरीही हेच. ब्राउझर उघडून पाहिला, तर कोणत्याही संकेतस्थळावर ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा. चार वेळा प्रयत्न करून कंटाळल्यावर मी मोबाइलवर प्रिंटर कंपनीचा मदत क्रमांक शोधला आणि सर्वांत वर जो दिसला तो लावला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, हे मला नंतर दिसले. खरा क्रमांक खोक्यातल्या वॉरंटी कार्डावर छापलेला होता. ते खोके मी आदल्याच दिवशी माळ्यावर टाकले होते.

पलीकडचा माणूस हिंदीत अतिशय अदबीने बोलत होता. त्याने सर्वांत आधी मला पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. ती १ जानेवारी २००९ होती. ती दुरुस्त करून घेतल्यावर त्याने एका संकेतस्थळावरून एक छोटे सॉफ्टवेअर उतरवायला लावले आणि त्यात दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारून घेतला. माझा माउस माझ्या हाताविना फिरू लागला. माझा संगणक ज्या दुखण्याने अडला होता ते त्या माणसाने पहिल्या दोन मिनिटांतच दूर केले होते, तेही स्वतःचे सॉफ्टवेअर उतरावे म्हणून. पण हे त्याने सांगितले नाही आणि माझ्या लक्षात आले नाही.

पुढे त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे विंडोजमधली घडामोडींची नोंदवही, उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि या साऱ्या व्हायरसच्या नोंदी असल्याचे सांगितले. वास्तविक अशा नोंदी धडधाकट संगणकातही शेकड्यांनी सापडतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे खूण उमटते. मग काळी खिडकी उघडून त्याने एक आज्ञा दिली, भराभर ओळी धावल्या आणि अखेरीस ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांब क्रमांक दिसला. तोच क्रमांक त्याने मला फोनवर आधी वाचून दाखवला होता. “हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक, तो आमच्याकडे नोंदलेला आहे,” असे तो म्हणाला. मी तोंडात बोट घातले. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी सुरक्षा सुधारणा देणे थांबवले, हे त्याचे म्हणणे मात्र खरे होते; त्याला जोडून ‘म्हणून तुमचा परवाना संपला’ हे जे पुढचे वाक्य होते, ते निखालस खोटे. सुधारणा थांबल्या म्हणून परवाना संपत नाही.

नोंदणीचे ४९९ आणि तीन वर्षांच्या संरक्षणाचे ६,५०० असे ६,९९९ रुपये मी यूपीआयने, स्वतःच्या हाताने पिन टाकून पाठवले. पावती म्हणून त्याने माझ्याच नोटपॅडमध्ये चार ओळी टाइप करून दिल्या. त्यानंतर प्रिंटरची फाइल चालवली, ती अर्थातच विनातक्रार पुरी झाली आणि चाचणीचा कागद बाहेर आला. मी त्याचे आभार मानले, हे लिहिताना आज ओशाळल्यासारखे होते.

दुसऱ्या दिवशी राहिलेले स्कॅनरचे सॉफ्टवेअर टाकायला बसलो, तो पुन्हा तीच सूचना. फोन केला, तर नवा व्हायरस शिरला आहे, आणखी ३,००० लागतील, असे उत्तर आले. तेव्हा कुठे शंका आली आणि मी सीपीयू उचलून कराडमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने तो चालू करताच विचारले, “काका, हे एफ-१ दाबायला कधीपासून सांगतोय?” वर्षभर तरी सांगत असावा, मी दाबून पुढे जात असे. त्याने झाकण उघडून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा रुपयाएवढा सेल काढला, नवा बसवला आणि ५० रुपये घेतले. काम झाले की मी भिंतीवरचे बटण बंद करतो, त्यामुळे संगणकातले घड्याळ या सेलवरच तग धरते. सेल संपला की तारीख मागे जाते. तारीख २००९ ची असली, की आजच्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे, म्हणजे त्यांची ओळख पटवणारे ठरावीक मुदतीचे डिजिटल दाखले, संगणकाला अवैध वाटतात आणि तो संपर्कच नाकारतो. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळायला हवी, पण फरक पंधरा तासांहून जास्त असेल तर विंडोज ती सहसा जुळवत नाही. ‘परवाना क्रमांका’बद्दल सांगितल्यावर त्या मुलाने हसत स्वतःच्या लॅपटॉपवर तीच आज्ञा दिली. ८८८डीसीए६०. तो क्रमांक प्रत्येक विंडोजमध्ये सारखाच असतो.

त्याने ते दूरस्थ सॉफ्टवेअर काढून टाकले आणि ईमेलचा व बँकेचा पासवर्ड संगणकावरून न बदलता मोबाइलवरून बदलायला लावला. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर मी त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली, तोवर एक दिवस उलटला होता. व्यवहार पिन टाकून मीच केलेला असल्याने भरपाई देता येत नसल्याचे बँकेने लेखी कळवले. आठवड्याने त्याच आवाजाचा फोन आला: कंपनी बंद होत आहे, पैसे परत करायचे आहेत, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, एवढे एव्हाना मला कळले होते. तो नवा क्रमांकही मी तक्रारीत जोडला आहे.