इंग्लंडमध्ये स्वतंत्र इलेक्ट्रिशियनसाठी रजिस्ट्रेशन स्कीम: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमध्ये घरगुती वायरिंगचा धंदा करायला कुठल्या तरी स्कीममध्ये (म्हणजे इलेक्ट्रिशियनचं काम तपासून नाव नोंदवणाऱ्या आणि त्याला स्वतःचं काम स्वतः प्रमाणित करू देणाऱ्या सरकारमान्य संस्थेत) नाव असलंच पाहिजे, असा कायदा नाही. नाव नसेल तर काय करावं लागतं, हे आधी समजून घेतलं की स्कीमचे पैसे नेमके कशाचे जातात ते कळतं.

बिल्डिंग रेग्युलेशन्समधला घरगुती इलेक्ट्रिकचा भाग, म्हणजे पार्ट पी, १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) कळवण्याच्या कामांची यादी बरीच आखूड झाली. नवीन सर्किट, कन्झ्युमर युनिट (आपल्याकडचा डीबी, म्हणजे मेन स्विच आणि ब्रेकरचं खोकं) बदलणं, आणि बाथरूमच्या ठरावीक भागात सर्किट वाढवणं किंवा बदलणं, ही रोजच्या धंद्यातली कामं त्यात राहिली. स्विमिंग पूल किंवा सॉनाच्या खोलीतलं कामही त्यात येतं, पण ते क्वचित. स्कीममध्ये नसलेल्याने अशा कामासाठी काम सुरू करण्याआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम तपासणाऱ्या विभागाला) कळवायचं आणि फी भरायची, किंवा आधी ठरवून नोंदणीकृत त्रयस्थ इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यायचं. बहुतेक कौन्सिलांची फी एका कामाला काही शे पाउंडांच्या घरात जाते. स्कीममध्ये असलेला माणूस तेच काम संपल्यावर ३० दिवसांच्या आत स्वतः ऑनलाइन कळवतो आणि त्याला काही पाउंडांत पडतं. वर्षाला दोन-तीन डीबी बदलणाऱ्याची वार्षिक फी त्यातूनच वसूल होते. जो फक्त कंत्राटदाराच्या हाताखाली नव्या इमारतींत काम करतो, त्याने घाई करू नये. तिथे सही कंत्राटदाराची असते.

बाथरूमचा 'ठरावीक भाग' म्हणजे अख्खी खोली नव्हे, आणि इथेच लोक चुकतात. टबच्या किंवा शॉवर ट्रेच्या कडेपासून आडवं ०.६ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंच (शॉवरहेड त्याहून वर असेल तर तिथपर्यंत), एवढीच ती जागा. ट्रे नसेल तर शॉवरहेडच्या मध्यापासून १.२ मीटर मोजायचं. त्याच खोलीत दाराजवळ एक दिवा वाढवला तर इंग्लंडमध्ये कळवावं लागत नाही, मात्र मायनर वर्क्स सर्टिफिकेट (छोट्या कामाच्या टेस्टचा कागद) द्यावंच लागतं. वेल्समध्ये यादी जुनीच आहे. तिथे स्वयंपाकघरात एक सॉकेट वाढवला तरी कळवावं लागतं. चेस्टर किंवा श्रूझबरीकडे राहून सीमेपलीकडची कामं घेणाऱ्याने प्रत्येक पत्ता कुठल्या बाजूचा आहे ते पाहावं.

आता निवडीबद्दल. घरगुती इलेक्ट्रिकसाठी सर्वांत जास्त ऐकू येणारी नावं दोन: एनआयसीईआयसी (१९५६) आणि नॅपिट (१९९२). कायद्याच्या नजरेत दोघांच्या कम्प्लायन्स सर्टिफिकेटचं (काम नियमांप्रमाणे झाल्याच्या दाखल्याचं) वजन एकच आहे. घर विकताना सॉलिसिटर (व्यवहाराचे कागद पाहणारा वकील) विचारतो तो कागद कुठल्या लोगोखाली आलाय, याने काही फरक पडत नाही. लेटिंग एजंट आणि वयस्कर घरमालक एनआयसीईआयसीचं नाव ओळखतात, हे खरं. प्लंबिंग, हीटिंग, व्हेंटिलेशन अशी दुसरी कामंही एका छपराखाली नोंदवायची असतील, तर नॅपिटकडे ती सोय चांगली आहे. फीचा फरक विचारताना व्हॅट, पहिल्या असेसमेंटचा खर्च, प्रत्येक नोटिफिकेशनचा (काम कळवण्याचा) दर आणि सर्टिफिकेटच्या सॉफ्टवेअरचे पैसे धरून बेरीज मागा. वरवर स्वस्त दिसणारी स्कीम वर्षाला चाळीस नोटिफिकेशन करणाऱ्याला महाग पडू शकते.

चौदा महिने वापरल्यावर मत असं बनलंय की लोगो आणि फी या दुय्यम गोष्टी. पहिला प्रश्न स्कोपचा. रजिस्ट्रेशनच्या कागदावर तुमच्या धंद्याची व्याप्ती लिहिलेली असते आणि सही त्या व्याप्तीपुरतीच चालते. सर्वांत जास्त फटका बसतो ईआयसीआरमध्ये, म्हणजे जुन्या वायरिंगच्या तपासणी रिपोर्टमध्ये. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांना २०२० च्या नियमांनी किमान पाच वर्षांतून एकदा हा रिपोर्ट बंधनकारक केला. जुलै २०२० पासून नव्या भाडेकरारांना आणि एप्रिल २०२१ पासून चालू करारांना तो लागू झाला. त्यामुळे हे काम भरपूर मिळतं. पण नवीन काम बसवून सही करणं आणि दुसऱ्याच्या तीस वर्षांपूर्वीच्या कामावर सही करणं, या वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. ईआयसीआरसाठी स्कोप वेगळा मागावा लागतो, २३९१ या कोर्ससारखी तपासणीची पात्रता दाखवावी लागते आणि किमान २,५०,००० पाउंडांचा प्रोफेशनल इंडेम्निटी विमा (चुकीच्या रिपोर्टमुळे झालेल्या नुकसानीसाठी) लागतो. साध्या बसवणीच्या कामाला २० लाख पाउंडांचा पब्लिक लायबिलिटी विमा (कामामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी किंवा नुकसानीसाठी) पुरतो. अर्ज भरतानाच हे ठरवा. नंतर स्कोप वाढवायचा तर पुन्हा असेसमेंट, पुन्हा पैसे, आणि मध्ये गेलेली कामं परत येत नाहीत.

रजिस्ट्रेशन माणसाचं नसून धंद्याचं होतं, हेही लक्षात ठेवा. त्या धंद्याला एक क्वालिफाइड सुपरवायझर लागतो. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत तो आणि मालक एकच. त्याच्याकडे लेव्हल ३ ची पात्रता आणि बीएस ७६७१ च्या (ब्रिटनच्या वायरिंग नियमांच्या पुस्तकाच्या) अठराव्या आवृत्तीचं सर्टिफिकेट हवं. महाराष्ट्रात आयटीआय करून, वायरमन परवाना घेऊन आलेल्यांनी इथे नीट वाचावं: तो परवाना इथे थेट चालत नाही. पाच किंवा जास्त वर्षांचा अनुभव असेल तर एक्सपिरियन्स्ड वर्कर असेसमेंट (अनुभवी कामगारांची पात्रता तपासणी) आणि त्याची एएम२ई ही प्रात्यक्षिक परीक्षा, हा सरळ रस्ता आहे. आणखी एक. स्किल्ड वर्कर व्हिसावर मुख्य काम म्हणून स्वतःचा धंदा करता येत नाही. त्या व्हिसावर आलेल्याच्या डिपेंडंट जोडीदाराला मात्र करता येतो. स्कीमचा अर्ज भरण्याआधी व्हिसाची अट पाहिली नाही, तर पैसे वाया जातात.

असेसमेंटला सकाळी कागद पाहतात आणि नंतर साइट. कागदांत विमा, बीएस ७६७१ चं चालू पुस्तक, ऑन-साइट गाइड, ग्राहकांच्या तक्रारींची नोंदवही (एकही तक्रार नसली तरी रिकामी वही हवी), आणि टेस्ट करण्याच्या मीटरच्या अचूकतेची नोंद. ही नोंद बहुतेकांची राहून जाते. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन सर्टिफिकेट काढलं म्हणजे झालं, असं नाही. मधल्या काळात मीटर बिघडला तर ते कळायला हवं. चेकबॉक्स (ठरावीक रेझिस्टन्स असलेला छोटा डबा) घ्या, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच रेझिस्टन्सवर, त्याच लीड्सनी मोजा आणि आकडा वहीत लिहा. लीड बदलली तर तेही लिहा.

साइटवर असेसर नेमकं काय पाहतो? पहिली पाच मिनिटं आयसोलेशनची, म्हणजे वीज तोडून सर्किट मृत असल्याची खात्री करण्याची. व्होल्टेज इंडिकेटर आधी प्रूव्हिंग युनिटवर (इंडिकेटर चालतो का ते दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासायचा, मग सर्किटवर लाइन-न्यूट्रल, लाइन-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि शेवटी पुन्हा प्रूव्हिंग युनिटवर. कुलूप आणि टॅग लावायचा. या कामाला मल्टिमीटर वापरलेला चालत नाही, आणि शेवटचं प्रूव्हिंग घाईत सुटलं तर ते लिहून घेतलं जातं.

मग रिंग सर्किट, म्हणजे डीबीतून निघून सगळ्या सॉकेटांमधून फिरून परत डीबीत येणारं सर्किट. आपल्याकडे घरात रेडियल वायरिंगची सवय असते, म्हणून हे टेस्टिंग मराठी माणसाने हाताने पन्नास वेळा करून बघावं. समजा २.५ स्क्वेअर एमएम लाइन-न्यूट्रल आणि १.५ अर्थ असलेली ट्विन अँड अर्थ केबल आहे. डीबीत रिंगची टोकं सोडवून टोकापासून टोकापर्यंत मोजलं: लाइन ०.५० ओहम, न्यूट्रल ०.५०. अर्थची तार बारीक, म्हणून तिचं रीडिंग १.६७ पट, म्हणजे ०.८४ च्या आसपास यायलाच हवं. ते १.२ आलं तर कुठल्या तरी सॉकेटमागे अर्थचा स्क्रू ढिला आहे. आता एका पायाची लाइन दुसऱ्या पायाच्या न्यूट्रलला अशी उलटसुलट जोडली की प्रत्येक सॉकेटवर ०.२५ च्या जवळपास रीडिंग येतं. लाइन आणि अर्थ तसेच जोडले की ०.५० अधिक ०.८४ भागिले चार, म्हणजे ०.३४ च्या आसपास. रीडिंग पहिल्या सॉकेटला अगदी कमी आणि मधल्याला बरंच जास्त येत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. तुम्ही त्याच पायाची टोकं एकत्र जोडली आहेत, अदलाबदल करा. एकाच सॉकेटवर जास्त आलं तर तो स्पर (रिंगमधून काढलेला फाटा) आहे किंवा तिथलं कनेक्शन कच्चं आहे.

हेच ०.३४ पुढे कामी येतं. घराचा बाहेरचा लूप इम्पीडन्स (बिघाडात करंट ज्या वाटेने जातो तिचा घराबाहेरचा रोध) ०.२० असेल तर सॉकेटवर सुमारे ०.५४ मिळायला हवेत. बी-३२ (३२ अँपिअरच्या) ब्रेकरची पुस्तकातली मर्यादा १.३७ ओहम आहे, पण मोजताना तार थंड असते, म्हणून ८० टक्के, म्हणजे १.०९ शी तुलना करायची. असेसर हा ८० टक्क्यांचा प्रश्न विचारतोच. बाहेरचा इम्पीडन्स मोजताना मेन स्विच बंद करून मुख्य अर्थ तार सोडवलेली हवी, नाहीतर गॅस आणि पाण्याच्या पाइपांचे समांतर रस्ते आकडा खोटा कमी दाखवतात. मोजून झाल्यावर ती तार परत जोडल्याशिवाय वीज सुरू करायची नाही.

मेगर मारताना (इन्सुलेशन तपासताना) सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण) काढून ठेवा. काढता येत नसेल तर त्या सर्किटला ५०० ऐवजी २५० व्होल्टवर टेस्ट करा. कमीत कमी १ मेगाओहम हवा. आरसीडीची (गळती होताच वीज तोडणाऱ्या उपकरणाची) टेस्ट बीएस ७६७१ च्या २०२२ मधल्या दुसऱ्या दुरुस्तीपासून सोपी झाली: ३० मिलिअँपिअरचा साधा आरसीडी त्याच्या रेटेड करंटवर एसी टेस्टने ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला की पास. पाचपट करंटची टेस्ट आता आवश्यक नाही. सर्टिफिकेटच्या जुन्या नमुन्यात तो रकाना अजून दिसत असेल तर नमुना बदला.

डीबीत नजरेने दिसणाऱ्या चुकांत वरच्या पत्र्याची भोकं पहिली. डीबीचा वरचा आडवा भाग एक मिलिमीटरची तारही आत जाणार नाही इतका बंद हवा. केबलसाठी मोठं भोक पाडून सैल सोडलं तर तिथेच शेरा बसतो. ग्रोमेट पट्टी (भोकाच्या कडेला लावायची) आणि ब्लँकिंग प्लेट (भोक बंद करायची) गाडीत ठेवा. घरगुती डीबीचं खोकं न जळणाऱ्या पदार्थाचं, म्हणजे सहसा पोलादी पत्र्याचं, हवं किंवा ते तसल्या कपाटात बसवलेलं हवं, हा नियम जानेवारी २०१६ पासूनचा. टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या आणि कंपनीने दिलेला आकडा ब्रेकरवर वाचून मगच पिळा. ढिला राहिलेला मेन स्विचचा टर्मिनल हेच डीबी तापण्याचं नेहमीचं कारण असतं.

नोटिफिकेशनच्या बाबतीत एक तक्रार मनापासून मांडावीशी वाटते. स्कीमच्या पोर्टलवर पत्ता पोस्टकोडवरून आपोआप भरतो, आणि एकाच घराचे दोन फ्लॅट झालेले असतील तर '१४' आणि '१४ ए' यांतला चुकीचा निवडला जातो. कागद शेजाऱ्याच्या नावाने निघतो. चूक कळते घर विकताना, आणि दुरुस्तीसाठी आठवडे जातात. म्हणून पत्ता वीजबिलावरून घ्या, काम संपलं त्याच संध्याकाळी कळवा आणि ग्राहकाला दोन्ही कागद वेगवेगळे समजावून सांगा: टेस्टचे आकडे असलेलं इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट तुम्ही देता, कम्प्लायन्स सर्टिफिकेट स्कीमकडून येतं. दुसरा कागद आला की पहिला फेकून देणारे ग्राहक पुष्कळ भेटतात.

स्कीमच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेटं बनवणं सोयीचं आहे, पण प्रत्येकाची पीडीएफ स्वतःच्या डिस्कवरही ठेवा. स्कीम बदलली की जुनं लॉगिन चालेलच, असं धरून चालू नका. आधीची कामं तर तुमच्याच नावावर राहतात. एनआयसीईआयसीची ग्राहकाला दिलेली हमी सहा वर्षांची आणि २५,००० पाउंडांपर्यंतची आहे. निदान तेवढी वर्षं प्रत्येक कामाचे आकडे, डीबीचा उघडा फोटो आणि बाँडिंगच्या क्लॅम्पचा (गॅस-पाण्याच्या पाइपांना अर्थ जोडणाऱ्या पट्टीचा) फोटो एका फोल्डरमध्ये, पत्त्याच्या नावाने ठेवा. पुढच्या वर्षी असेसर साइट निवडायला यादी मागतो, तेव्हा हेच फोल्डर त्याच्यासमोर उघडायचं.