नाथसागर की गौताळा: दोन रात्रींचा मुक्काम कुठे टाकावा?

तळ्याकाठी खोली, मागे जंगल, सकाळी दार उघडलं की पाणी दिसलं पाहिजे आणि रात्री शेकोटी. दिवाळी सरली की अशी फर्माईश करणारं कुणी ना कुणी आमच्या नात्यागोत्यात निघतंच. मराठवाड्यात ती जशीच्या तशी पुरी होणं अवघड. जिथे पाणी डोळ्यांत मावत नाही तिथे सावलीला झाड शोधावं लागतं, आणि जिथे जंगल आहे तिथलं तळं उन्हाळ्यात कितपत उरेल याचा भरवसा नसतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरहून दोन रात्रींसाठी निघणाऱ्याने आधी एकच गोष्ट ठरवावी: पाणी हवं की झाडी? पाणी हवं तर पैठणचा नाथसागर, झाडी हवी तर कन्नडजवळचं गौताळा. संभाजीनगरपासून पैठण पन्नासेक किलोमीटर, कन्नड साठेक आणि पुढे गौताळ्याचा थोडा रस्ता. दोन्ही १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाली. साम्य इथेच संपतं.

पाण्याचा काठ कुठे असतो?

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे, आणि धरण भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरलेलं पाणी. त्याखाली शंभरावर गावांची जमीन गेली. ही आकडेवारी सहलीला कशाला, असं वाटेल. पण एक गोष्ट त्यातूनच कळते. इथली जमीन सपाट, त्यामुळे पाणी पसरट आणि उथळ. पातळी थोडी खाली गेली की काठ दूर सरकतो. ऑक्टोबरात आवाराच्या कुंपणाला लागलेलं पाणी एप्रिलमध्ये लांबवर चकाकणारी रेघ होऊन बसतं. मधल्या ओल्या जमिनीत तोवर लोकांनी गाळपेर केलेली असते. तेव्हा ‘लेक व्ह्यू’ म्हणून दाखवलेला फोटो कुठल्या महिन्यातला आहे, हे खोली ठरवण्याआधी बिनधास्त विचारा.

गौताळ्याचा तलाव त्यामानाने लहान. त्याच्या काठाने आरामात फिरायचं, डोंगराची सावली पाण्यात बघायची, एवढंच त्याचं काम. खरा ऐवज आहे तो भोवतालचं २६० चौरस किलोमीटरचं जंगल. सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत ते संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. जंगल पानगळीचं आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. ऑगस्टमध्ये जिथे वाट दिसत नाही, तिथे मार्चमध्ये नुसत्या काड्या, पायाखाली करकरणारा पाचोळा आणि मधूनच पेटलेला पळस. मला तेही आवडतं. पण ‘हिरवंगार’ डोक्यात धरून आलेल्या पाहुण्यांचं तोंड तेव्हा बघवत नाही.

पक्षी बघायचे तर तुलनाच नाही

इथे नाथसागर सरळ जिंकतो. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तरेकडून येणाऱ्या बदकांचे थवे उतरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, नशिबात असेल तर पट्टकादंब. काळे वारकरी तर शेकड्यांनी. मुग्धबलाक आणि शेकाटे काठालाच, दुर्बीण नसली तरी दिसतात. रोहित पक्ष्यांचं गणित मात्र उलटं आहे. धरण काठोकाठ भरलं की आपल्याला आनंद होतो, पण त्यांना लागतो घोट्याएवढा चिखल. पाणी ओसरून गाळ उघडा पडला की ते काठावर जमतात. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरात गेलेला माणूस ‘फ्लेमिंगो नाहीतच’ म्हणत परततो आणि फेब्रुवारीत गेलेला शेजारी फोटो पाठवून पाठवून जीव खातो.

बघायचं कसं, तेही सांगतो. धरणाच्या भिंतीकडे जाऊ नका. तिथे पाणी खोल आणि पक्षी लांब. जलाशयाच्या मागच्या अंगाला, जिथे शेतं पाण्याला भिडतात, तिथल्या गावरस्त्यांवर उजाडायच्या आत पोचा. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. गाडी लांब उभी करा, बांधाआड बसा, भडक शर्ट घरीच ठेवा. ऊन चढलं की थवे आत सरकतात, मग नाश्त्याला मोकळे. एखाद्या ढोकरीने काठावर बेडकी धरलेली असते. ती गिळताना तिची मान कशी फुगत खाली जाते, ते बघायला लहान मुलं अर्धा तास हलत नाहीत.

गौताळ्यात पक्षी कमी नाहीत, पण झाडोऱ्यात लपलेले. आवाज आधी, पक्षी नंतर, आणि बहुधा शेपटीच. नवशिक्याचा हिरमोड होतो.

पायी फिरायचं असेल तर

आता पारडं फिरतं. नाथसागराकाठी चालणं म्हणजे शेताच्या बांधावरून चालणं. सकाळी बरं वाटतं, दहानंतर डोकं तापतं. गौताळ्यात मात्र दोन दिवस पाय पुरत नाहीत. तलाव, सीतान्हाणी, चंदन नाला हे नेहमीचे. वनरक्षकाला किंवा स्थानिक वाटाड्याला बरोबर घ्या. वाटा फुटतात आणि आत मोबाइलला रेंज नसते. वानरं भरपूर, त्यामुळे हातात पिशवी दिसू देऊ नका. नीलगाय, रानडुक्कर, नशीब जोरावर असेल तर अस्वलाच्या खुणा. बिबट्या इथे राहतोच. आणि २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून मजल दरमजल करत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यात सापडला, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात त्याचीच चर्चा होती. तुम्हाला तो दिसेल, अशा आशेवर मात्र जाऊ नका.

माझ्या मते गौताळ्याला जाण्याचं सगळ्यात मोठं कारण जंगलाच्या कडेला आहे: पितळखोऱ्याची लेणी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची बौद्ध लेणी, म्हणजे वेरूळपेक्षा कितीतरी जुनी. दरीच्या काठावरून पायऱ्या उतरत जायचं, ओढा ओलांडायचा, आणि समोर विहाराच्या जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती. दगड ठिसूळ असल्याने पुष्कळ पडझड झालीय. चैत्यगृहात खांबांवर रंगीत चित्रांच्या खुणा अजून आहेत. पावसाळ्यात वरून पाणी कोसळत असतं, आवाजाने दरी भरते. वेरूळला असते तशी गर्दी नाही, रांग नाही, खाली चहाची टपरीही नाही, म्हणून पाणी आणि खाऊ बरोबर ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं. उतरताना काही वाटत नाही, चढताना प्रत्येक पायरी मोजली जाते. अजून दम असेल तर कन्नड तालुक्यातलाच अंतूर किल्ला दुसऱ्या दिवसाला ठेवा.

एक सावधगिरीची गोष्ट. कन्नड घाट, ज्याला औट्रम घाट म्हणतात, तो पावसाळ्यात बेभरवशाचा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. कन्नडहून नागदच्या रस्त्याने गौताळ्यात जाणाऱ्याला तो उतरावा लागत नाही. पण ‘आलोच आहोत तर घाटाखालचं पाटणादेवीचं देऊळही करू’ असं गाडीत ठरलं तर घाट आला, आणि सुट्टीच्या दिवशी त्यातली वाहनांची रांगही आली.

बोट, गळ, पोहणं

दोन्हीकडे यातलं काही गृहीत धरू नका. नाथसागरात मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. ते बघून ‘दादा, आम्हालाही एक चक्कर’ म्हणणारे शहरी लोक असतात. मच्छीमार पोटासाठी करतात आणि पाणी ओळखून करतात. तुमच्याकडे दोन्ही नाही. दुपारचा वारा सुटला की या पाण्यावर चांगल्या लाटा उठतात. काठचा गाळ घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत पाय ओढून घेतो. मासे खायचे तर नगर रस्त्यावर कायगाव टोक्याला, गोदावरी-प्रवरेच्या संगमाजवळ, तळलेली मासळी खा आणि पलीकडच्या काठचं सिद्धेश्वराचं देऊळ बघून या. पायऱ्या, घाट आणि बारीक कोरीवकाम, तासभर सहज जातो.

शेकोटीचं काय?

अभयारण्यात आग पेटवायची नाही. गौताळ्यात तर अजिबातच. वणव्याचा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत असतो आणि त्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरे. वनविश्रामगृहाचा खानसामा चुलीवर पिठलं-भाकरी करून देईल तेवढीच तुमची शेकोटी. तिथे संध्याकाळी करायचं काय, तर दिवे मालवून आकाश बघायचं. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

पैठणकडे अभयारण्याच्या हद्दीबाहेर शेतावरचा मुक्काम मिळतो, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याला तोड नाही, कारण तेव्हा हुरडा असतो. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस हातावर घेऊन चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे तळहातावर गरम असतानाच तोंडात टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कणीस गूळभेंडी या हुरड्याच्या खास ज्वारीचं असेल तर बाकी काही लागत नाही. मुलं पहिल्यांदा चटका बसून ओरडतात आणि मग उठायचं नाव घेत नाहीत. ‘अनलिमिटेड हुरडा, डीजे, रेन डान्स’ अशी पाटी दिसली तर पुढे चला. अर्ध्या किलोमीटरवर एखादा शेतकरी याहून स्वस्तात आणि शांततेत खाऊ घालेल.

मग ठरवायचं कसं?

घरात सत्तरीची माणसं आणि दुसरी-तिसरीतली मुलं असतील तर नाथसागर, जानेवारीत. पक्षी, हुरडा, नाथांच्या समाधीचं दर्शन, पैठणीचे माग. कुणाचीच तक्रार राहत नाही. संत ज्ञानेश्वर उद्यानावर मात्र बेत उभा करू नका, चालू आहे का ते आधी विचारा. चार मित्र, चालायची खुमखुमी, सोयींचा आग्रह नाही, तर गौताळा, पाऊस ओसरताना, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. खोल्या मोजक्या आहेत. वनविभागाकडून आरक्षण पक्कं झाल्याशिवाय रात्रीचा बेत करू नका. कन्नडला लॉज मिळतं, पण मग जंगलातली पहाट हुकते.

म्हैसमाळ का नाही, असं कुणी विचारेलच. थंड हवा आहे, गिरिजा देवीचं देऊळ आहे, सूर्यास्त छान. अर्ध्या दिवसाची जागा आहे ती.

नांदेडकरांनी या दोघांच्या मागे कशाला लागावं? पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा इस्लापूरजवळ, किनवटचं सागवान शेजारी, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि माहूरची रेणुका त्याच दौऱ्यात. पाऊस चांगला झाला की काळ्या कातळावरून नदी अशी कोसळते की समोर उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. जुलै ते सप्टेंबर, कठड्याच्या अलीकडून. लातूर-धाराशिवकरांना येडशीचं रामलिंग जवळ. अवघं बावीस चौरस किलोमीटरचं अभयारण्य, पण २०२४ च्या डिसेंबरात तिथेही टिपेश्वरचाच एक वाघ येऊन ठेपला.

आणि सुट्टी मिळतेय ती मे महिन्यातच, असं असेल तर दोन्हीकडे जाऊ नका. पैसे ठेवा, हुरड्याला या.