फ्रंट लोड मशीन, दीड वर्षानंतर: धुतं छान, पण पाणी अडलं की हाल

जुलैतला मंगळवार. आठ दिवस ऊन नाही. मशीनमध्ये मुलाचे दोन युनिफॉर्म, आईंच्या दोन सुती साड्या आणि एक डबल बेडची चादर. वॉश झालं, पहिलं खळबळणं झालं आणि मशीन थांबलं. स्क्रीनवर पाणी न निघाल्याचा कोड, काचेच्या निम्म्यापर्यंत गढूळ पाणी आणि दरवाजा लॉक. पाणी आत असताना दार उघडत नाही, ते सुरक्षेसाठी ठीकच आहे, पण दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म समोर दिसतोय आणि हाताला लागत नाही, ही अवस्था फार वाईट.

गेल्या वर्षीच्या पाडव्याला घेतलेलं ७ किलोचं फ्रंट लोड आहे. फीचर्स, फेऱ्या, स्टार सगळं तुम्ही दुकानात वाचता, ते परत लिहीत नाही. धुण्याबद्दल तक्रार नाही. शर्टाच्या कॉलरी स्वच्छ निघतात, साड्यांचे काठ उसवले नाहीत, आणि आधीच्या सेमी ऑटोमॅटिकच्या मानाने पाणी खूपच कमी लागतं. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, त्यामुळे त्या गोष्टीची मला खरी किंमत आहे.

माझा सगळा राग आहे तो एका झाकणावर. मशीनच्या पुढे, उजवीकडे खाली, तळहाताएवढं झाकण असतं. त्याच्या आत ड्रेन फिल्टर. पाणी अडलं की हाच उघडायचा. बऱ्याच मशीनमध्ये फिल्टरच्या शेजारी बोटाएवढी रबरी नळी असते. तिचं बूच काढायचं, नळी पसरट भांड्यात धरायची, पाणी शांतपणे निघून जातं, भांडं भरलं की बूच लावायचं. माझ्या मशीनला ती नळी नाही. म्हणजे फिल्टर थोडा सैल करायचा, भसकन पाणी येतं ते झेलायचं, पटकन परत आवळायचा. आणि झेलायचं कशात? मी पट्टी लावून मोजलं. फिल्टरच्या तोंडापासून फरशीपर्यंत ६ सेंटीमीटर. आमची कणीक मळायची परात साडेसात सेंटीमीटर उंच, ती खाली सरकतच नाही. सरकतं ते फक्त जेवायचं ताट. एका ताटात जेमतेम अर्धा लीटर. त्या दिवशी ड्राय बाल्कनीत फतकल मारून मी २७ ताटं पाणी काढलं. प्रत्येक वेळी ताट हिंदकळून थोडं फरशीवर, मग ते पुसायचं. सव्वा तास गेला. आईंना सांधेदुखी आहे. मी ऑफिसला असताना हे झालं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

(करणार असाल तर आधी स्विच बंद करून प्लग काढा. आणि गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर पाणी निवू द्या, ६० अंशाचं पाणी हातावर येतं.)

फिल्टरमध्ये निघालं काय, तर केस आणि धाग्यांचा राखाडी बोळा आणि एक रुपयाचं नाणं. धुऊन परत बसवला, मशीन लावलं. नुसतं घुर्र घुर्र, पाणी जागचं हलेना.

कंपनीत तक्रार नोंदवली, दोन दिवसांनी माणूस आला. त्याने फिल्टर उघडलासुद्धा नाही. स्पिन लावून मिनिटभर ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, ड्रेन पंप गेला. २८०० होतील, वर लेबर." मी म्हटलं, अहो, मशीनवर १० वर्षांच्या वॉरंटीचा स्टिकर आहे. तेव्हा कळलं की ती १० वर्षं ड्रम फिरवणाऱ्या मोटरची. पाणी बाहेर फेकणारा पंप वेगळा, त्याला बाकी मशीनसारखी एकच वर्षाची, आणि ते पाडव्याला संपलं होतं. हे घेण्याआधीच विचारून ठेवा. पंप बदलायला मी नकार दिला, तरी भेटीचे ५०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपये द्यावेच लागले.

मग खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या ओळखीचे एक काका पाठवले. त्यांनी हत्यारांची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "ताई, आधी आवाज ऐका. पंप चालू व्हायच्या वेळी काहीच आवाज नाही, तर वायर नाहीतर पंप. घुरघुरतो पण पाणी नाही, तर पात्यात काहीतरी अडकलंय. मोकळा फिरल्याचा आवाज येतो आणि तरी पाणी नाही, तर पुढे पाईप बघायचा." फिल्टर काढून त्यांनी आत टॉर्च मारला आणि मलाही बघायला लावलं. फिल्टरच्या भोकाच्या मागे पंपाचं छोटं पातं असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या पात्याच्या बुडाशी सुपारीचं खांड घट्ट बसलं होतं आणि त्याला अडकून एक उघडी सेफ्टी पिन. मे महिन्यातल्या लग्नात कुर्त्याच्या खिशात राहिलेली सुपारी, दुसरं काय! लांब चिमट्याने त्यांनी दोन्ही काढलं, मग बोटाने पातं फिरवून दाखवलं. ते गुळगुळीत फिरत नाही, अडखळत, गचके देत फिरतं. आत चुंबक असल्यामुळे ते तसंच फिरायला हवं, त्याला बिघाड समजू नका. मशीन लावलं, २ मिनिटांत ड्रम रिकामा. ३०० रुपये घेतले.

त्या सुपारीचा आणि पिनेचा फोटो मी कंपनीला पाठवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ ला, तक्रार करणार असल्याचं लिहिलं. अकरा दिवसांनी ५९० रुपये परत आले. भांडले नसते तर गेलेच होते.

इथवर मी भेटेल त्याला हे मशीन घेऊ नका असंच सांगत होते. पण नंतर जे झालं त्याने माझं मत बदललं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तोच कोड. या वेळी फिल्टर स्वच्छ, पातं मोकळं, आवाज मोकळा. काका आले आणि त्यांनी मशीन पुढे ओढून मागचा आउटलेटचा पाईप बघितला. बसवणाऱ्याने मूळ पाईपला जोड देऊन तो जवळजवळ साडेतीन मीटर लांब केला होता. मशीन भिंतीला रेटल्यामुळे एका ठिकाणी पाईप दुमडून चपटा झालेला. आणि टोक नहाणी ट्रॅपमध्ये वीतभर आत खुपसून भोवती चिकटपट्टी, झुरळं येऊ नयेत म्हणून. पंप एवढासा, ३० वॅटच्या आसपासचा. जोड दिलेल्या लांब पाईपमधून, घडीतून, हवा जायला जागा नसलेल्या तोंडातून तो पाणी ढकलणार किती? पंप थांबला की पाईपमधलं पाणी उलटं ड्रमकडे यायचं ते वेगळंच. मला आठवलं, गेल्या दिवाळीपासूनच कपडे जरा जास्त ओले निघायचे. मी त्याचा दोष पावडरला देत होते.

म्हणजे अर्धा दोष मशीनचा नव्हताच. जोड काढून टाकला. मशीन डावीकडे सरकवलं, आता मूळ पाईप पुरतो. पाईपचा वरचा वळसा मशीनच्या पाठीवरच्या क्लिपमध्ये अडकवला, जमिनीपासून साधारण ८० सेंटीमीटरवर. आमच्या पुस्तिकेत ६० ते १०० सांगितलंय. वळसा फार खाली असेल तर पाणी भरतानाच वाहून जातं, फार वर असेल तर पंपाला दम लागतो. टोक ट्रॅपच्या जाळीवर मोकळं ठेवलंय, आजूबाजूला हवा. मागे चार बोटं जागा.

त्याच दिवशी काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती जुलैत माहीत असती तर मी २७ ताटं काढली नसती. पाणी अडलं आणि पंप चोंदलेला नसेल तर पाईप क्लिपमधून सोडवून त्याचं टोक जमिनीवर, ट्रॅपपाशी आडवं ठेवायचं. ड्रममधलं पाणी वर असतं, ते आपोआप वाहून येतं. माझ्या मशीनमध्ये दहा मिनिटांत काचेखाली गेलं. पात्यात सुपारी असताना इतकं भरभर आलं नसतं, पण थोडं थोडं तरी झिरपलं असतं.

पावडरही निम्मी केली. फेस फार झाला की पंप पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा: एलजीवर ओई, बॉशवर ई-१८, सॅमसंगवर ५सी किंवा ५ई. अर्थ एकच, पाणी बाहेर जात नाही.

तेव्हा 'घेऊ नका' हे मी मागे घेते. धुण्याला दहापैकी नऊ. बसवून देणाऱ्याला दोन. त्या झाकणाला शून्यच, त्यात बदल नाही. ती नळी नंतर बसवून मिळेल का म्हणून विचारलं, तर या मॉडेलला येत नाही म्हणाले. बूच असलेली एक वीतभर नळी! तुम्ही दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला खाली वाकून ते झाकण उघडून दाखवायला सांगा. नळी नसेल तर स्टँडचे पैसे आधीच धरा. मी तेव्हा १२०० रुपये वाचवले होते, आता तोच स्टँड घेतला. फिल्टरचं तोंड १७ सेंटीमीटरवर आलंय, परात आरामात बसते, आणि आईंना ते कसं उघडायचं हे मी शिकवून ठेवलंय. गेल्या रविवारी त्यांनीच उघडला: ब्लाउजचा एक हूक आणि अक्षतांचे चार दाणे.