टॉवेल चालले परदेशी, मेलमधलं इंग्रजी कुठलं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहिणाऱ्या पोरांना माझं एकच सांगणं: ब्रिटिश की अमेरिकन, हे गिऱ्हाईक बघून ठरवा. एकाच मेलमध्ये मिसळ नको.

शाळेत शिकलो ते ब्रिटिश, ‘कलर’मध्ये यू घालणारं. अमेरिकेत हा यू गेला. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या शब्दकोशाने ती रीत पक्की केली. पण स्पेलिंगवरून ऑर्डर अडत नाही. घोळ तारखेत होतो. ०५/०४ म्हणजे लंडनला ५ एप्रिल, न्यूयॉर्कला ४ मे. कंटेनर महिनाभर इकडचा तिकडे! महिना अक्षरात लिहा, वाद मिटला.

मालाची नावंही बदलतात. तोंड पुसायचा छोटा टेरी टॉवेल ब्रिटनमध्ये फ्लॅनेल, अमेरिकेत वॉशक्लॉथ. अमेरिकनाला फ्लॅनेल लिहिलंत तर तो शर्टाचं कापड समजेल. ‘टेबल’ तर वैताग आहे: ब्रिटिश माणूस प्रस्ताव टेबल करतो म्हणजे चर्चेला घेतो, अमेरिकन तोच बाजूला ठेवतो. हा शब्द टाळलेलाच बरा.

‘प्रीपोन’ आणि ‘डू द नीडफुल’ मात्र आता आपल्याकडेच चालतात, दोन्हीकडे कपाळाला आठ्या. तारीख अलीकडे आणायची तर ब्रिटनला ‘ब्रिंग फॉरवर्ड’, अमेरिकेला ‘मूव्ह अप’. नीडफुलऐवजी नेमकं काय हवं तेच लिहा: एलसीची (बँकेच्या पतपत्राची) प्रत, सही, रंगाचा नमुना.

गिऱ्हाईक या दोन्ही देशांतलं नसेल तर मी ब्रिटिशच ठेवीन. बोटांना तीच सवय आहे.