'कूलिंग जेल'ची उशी : नऊ महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये अठराशेला घेतली, नागपूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून. डब्यावर लिहिलं होतं, 'रात्रभर गारवा'.

पहिल्या रात्री डोकं टेकवलं आणि माठाला गाल लावल्यासारखं वाटलं. वीस मिनिटांत ती नुसती उशी झाली. म्हटलं, माल खराब आला. कोरोनात घेतलेली ताप मोजायची बंदूक घरात पडून होती, ती वस्तूंवरही चालते. कूलर सुरू असताना उशी 28 अंश. अर्ध्या तासाने डोकं उचलून लगेच पाहिलं, तर खळग्यात 33 आणि वीतभर बाजूला 28च. कपाळ 34.

म्हणजे उशी गार नव्हतीच, खोलीइतकीच होती. हिवाळ्यात जेवायला बसताना फरशी झोंबते आणि पाट झोंबत नाही, खरं तर दोन्ही तितकेच थंड असतात. फरशी अंगातली ऊब भराभर ओढते, लाकूड ओढत नाही. जेलही ओढतं, पण त्याचा थर बोटभरसुद्धा नाही. तो तापला की संपलं, कारण खाली फोम, म्हणजे भोकाभोकांत कोंडलेली हवा. ती उष्णता पुढे जाऊच देत नाही. कूस बदलून कोऱ्या जागी डोकं नेलं की पुन्हा दहा मिनिटं मजा. अभ्रा मात्र पातळ सुती हवा. जाड असला तर तेवढीही नाही.

खरी फजिती मे महिन्यात झाली. आमचा वरचा मजला, स्लॅब तापलेला, त्यात लाइट गेली. खोली 37, उशीही 37. कातडीपेक्षा उशी गरम, मग उष्णता उलटी डोक्यात येणार नाही तर काय! जेल ती भराभर देतंही. शेवटी ओली चादर पिळून फरशीवर टाकली. आई काही बोलली नाही, फक्त सरकून जागा दिली.

थंडीत वेगळाच प्रकार. डिसेंबरात डोकं ठेवलं की वीट. मग डोक्याच्या उबेने फोम हळूहळू बसतो आणि मान अशी काही विसावते की बस. उशीतला हा मेमरी फोम 1966 मध्ये चार्ल्स योस्ट यांनी नासाच्या कामात विमानाच्या सीटसाठी तयार केला. उबेने मऊ होणं हाच त्याचा गुण. त्याच्यावर ऊब पळवणारं जेल कशाला थापायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

बाकी, रसायनाचा वास आठवडाभर होता. धुता येत नाही, उन्हात टाकता येत नाही.

मानेचं दुखणं थांबलं म्हणून ठेवलीय. मे महिन्यात पैसे परत मागायला फोन केला होता, तर पलीकडचा म्हणाला, "मॅडम, एसी लावून बघा ना."