विश्रामबागेतील पाळणाघर आणि मुलांची शू-शीची भाषा : एका पालकाचा अभिप्राय

सांगलीच्या विश्रामबाग भागातील ज्या पाळणाघरात आमची मुलगी जाते, त्याविषयी लिहिताना जेवण, झोप, खेळणी आणि फी या नेहमीच्या बाबी मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण त्या बाबतीत हे पाळणाघर चांगले असले, तरी शहरातल्या इतर चांगल्या पाळणाघरांहून फारसे वेगळे नाही. डबा घरून न्यावा लागतो, तो गरम करून वेळेवर भरवला जातो, दुपारची झोप नीट होते, मावश्या जुन्या आणि मायाळू आहेत, आणि फी आसपासच्या मानाने थोडी जास्त आहे. या पाळणाघराचे वेगळेपण मला दिसले ते एका अशा गोष्टीत, जिच्याकडे आपण पालक प्रवेश घेताना सहसा पाहतही नाही. मुलाला शू किंवा शी लागली, तर त्याने ती कोणत्या शब्दांत सांगावी, कोणाला सांगावी आणि मोठ्यांनी त्यावर काय म्हणावे, याचा इथल्या ताईंनी मनापासून विचार केला आहे. लहान मुलांचा प्रश्न असल्याने पाळणाघराचे नाव इथे देत नाही.

इथे येणाऱ्या मुलांची घरे पाहिली की हा विचार का करावा लागला, हे लगेच कळते. कोणाचे आईवडील कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत, कोणाची आई मिरजेच्या रुग्णालयात परिचारिका आहे, कोणी मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब पाहते, तर काही कुटुंबे जत तालुक्यातून आलेली असल्याने त्यांच्या घरी कन्नड बोलली जाते. त्यामुळे एकाच खोलीत एक मूल ‘शू’ म्हणते, दुसरे ‘सू’ म्हणते, तिसरे हिंदी मालिका ऐकून ‘सुसू’ म्हणते, चौथे नुसती करंगळी वर करते आणि जतकडचे मूल ‘ओंदक्के’ म्हणते. ओंदक्के म्हणजे शब्दशः ‘एकला’. आपल्या शाळांतून ‘गुरुजी, एकीला जाऊ का?’ असे विचारण्याची जी पद्धत होती, तिच्याशी हे किती जुळते! नवीन मावशीला मात्र या सगळ्याचा एकच अर्थ आहे हे कळेपर्यंत मुलाची चड्डी ओली झालेली असते, आणि मग बिचारे मूल ओशाळते.

यावर ताईंनी ठरवलेला नियम साधा आहे. साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘शू’ आणि ‘शी’ हेच दोन शब्द. ‘शू लागली’, ‘शी लागली’ आणि काम झाले की आतून ‘झाली’ अशी हाक. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या जिभेवर सहज बसणारे, घरातही चालणारे आणि आजी-आजोबांपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना कळणारे हे शब्द आहेत. मूल घरचा वेगळा शब्द घेऊन आले, तर त्याला थांबवत नाहीत. मावशी तोच अर्थ ‘शू लागली का? चल’ असा स्वतः म्हणून दाखवते आणि त्याला घेऊन जाते. कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी मावश्यांनी त्यांच्या घरचे शब्द विचारून ठेवले आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. ज्या वयात मुलाला घाई आवरत नाही, त्या वयात त्याच्याकडून आधी भाषांतराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पुढे, शाळेत जायचे वय जवळ आले की शब्द बदलायला सुरुवात होते, आणि इथे ताईंची समज मला विशेष पटली. मराठीत या बाबतीतले सौजन्य बरेचसे वाक्याच्या ठेवणीत असते. ‘लघवीला जाऊ का?’ किंवा ‘संडासला जाऊन येऊ का?’ या वाक्यांत मूल क्रियेचे वर्णन करत नाही, फक्त जाण्याची परवानगी मागते; आणि ‘जाऊन येऊ का’ म्हटल्याने परत येण्याचे आश्वासनही त्यात येते. म्हणून मोठ्या गटातील मुलांना ‘ताई, लघवीला जाऊन येऊ का?’ हे पूर्ण वाक्य म्हणायला शिकवतात. ‘संडास’ आणि ‘शौच’ यांपैकी कोणता शब्द चांगला, याबद्दल पालकांत मतभेद झाले होते. माझे मत ‘संडास’च्या बाजूने आहे, कारण तो बोलण्यातला आहे आणि त्यात काहीही असभ्य नाही. ‘शौच’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी, स्वच्छता असा असल्याने तो सोज्वळ आहे खरा, परंतु पाच वर्षांचे मूल घाईच्या वेळी ‘शौचास जायचे आहे’ असे म्हणेल, ही अपेक्षा अवघड आहे. ‘लघुशंका’ तर फलकांपुरतीच राहू द्यावी. ताईंनी ‘संडास’ शिकवायचा आणि ‘शौच’, ‘शौचालय’ हे शब्द ऐकून कळतील एवढी ओळख करून द्यायची, असे ठरवले. ते योग्य झाले.

करंगळी दाखवण्याची खूण मात्र त्यांनी बंद केली आहे. ही खूण सभ्य समजली जाते, कारण तोंडाने काही बोलावे लागत नाही, आणि एक बोट की दोन बोटे यावरून शू की शी तेही कळते. पण बाईंचे लक्ष फळ्याकडे असेल तर बोट दिसत नाही, आणि लाजरे मूल बोट वर धरून तसेच बसून राहते. तोंडाने बोललेल्या वाक्याकडे दुर्लक्ष करणे मोठ्यांनाही कठीण जाते.

आता ज्या शब्दांना आपण शिवराळ मानतो, त्यांच्याविषयी. आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा जत भागातल्या खेड्यांत वाढलेले मूल ‘मुतायला जायचंय’ म्हणते, तेव्हा त्याच्या आजीच्या तोंडचे साधे क्रियापद ते वापरत असते. त्यात उद्धटपणाचा लवलेश नसतो. हेच धातू आपण एरवी सहज सहन करतो. वडिलांना मुतखडा झाला हे आपण चारचौघांत सांगतो, बसस्थानकावर ‘मुतारी’ अशी पाटी असते, पावसाळ्यात हगवणीपासून सावध राहण्याच्या सूचना छापल्या जातात. 2000-01 मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा ग्रामविकास मंत्री आपल्याच जिल्ह्यातील, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील होते, आणि स्वच्छतेच्या त्या साऱ्या कामात ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्द ग्रामसभांपासून सरकारी कागदांपर्यंत सन्मानाने वापरला गेला. म्हणून अशा मुलाच्या तोंडावर फटका मारणे किंवा वर्गासमोर ‘असे घाण बोलू नये’ म्हणणे मला क्रूरपणाचे वाटते. या पाळणाघरात मोठ्या गटातले मूल तसे बोलले, तर ताई शांतपणे ‘लघवीला जायचंय ना? जा’ एवढेच म्हणतात. मुले ऐकून शिकतात. घरी आजीशी कसे बोलावे, हे मात्र ताई कोणाला सांगत नाहीत.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ‘घाण’ हा शब्द त्यांनी या कामातून काढून टाकला आहे. आपल्या अनेक घरांत शी झाली की ‘घाण केलीस’, ‘छी छी’, नाकाला पदर, असा प्रकार चालतो, आणि तो करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. परंतु दोन-अडीच वर्षांच्या मुलाला ‘शी घाण आहे’ आणि ‘मी घाण आहे’ यांतला भेद कळत नाही. मग ते शी दाबून धरू लागते. धरून ठेवलेली शी कडक होते, कडक झाली की दुखते, दुखते म्हणून ते आणखी धरून ठेवते, आणि बद्धकोष्ठाचे हे चक्र मोडायला पुढे औषधे द्यावी लागतात. लघवी वारंवार रोखून धरण्याचा संबंध मूत्रमार्गाच्या संसर्गाशी आहे. शाळेत विचारायला लाज वाटते म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली आपल्या ओळखीत असतात. अशा वेळी मुलाला सभ्य शब्द देणे म्हणजे त्याच्या प्रकृतीचीच काळजी घेणे होय. इथे मावश्या ‘शी झाली, आता धुऊ या’ एवढेच म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर किळस नसते. त्या कामासाठी त्यांना जेवढा मान मिळायला हवा, तेवढा आपण पालक देत नाही.

आवाजाचेही शिक्षण आहे. जेवताना एखाद्याने ‘मला शी लागली!’ असे ओरडून सांगितले, तर शब्द बदलायला सांगत नाहीत. मावशीजवळ येऊन हळू सांगायला सांगतात. तोच शब्द, फक्त खालच्या आवाजात. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण लाज आणि मर्यादा या दोन गोष्टी मुलांना वेगवेगळ्या शिकवता येतात, हे त्यातून दिसते.

काही पालकांनी आग्रह धरला होता की इंग्रजी शाळेची तयारी म्हणून मुलांना पहिल्यापासून ‘वॉशरूम’ हाच शब्द शिकवावा. ताईंनी मोठ्या गटाला ‘मे आय गो टू द टॉयलेट’ हे वाक्य शिकवायचे मान्य केले, कारण पुढच्या शाळेत ते लागणार आहे, पण मराठी शब्दांच्या जागी ते बसवायला नकार दिला. मी या नकाराच्या बाजूने आहे. ‘वॉशरूम’ हे ठिकाणाचे नाव आहे. मुलाला शू लागली आहे, शी लागली आहे की नुसते हात धुवायचे आहेत, हे त्यातून कळत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मावशीला नेमके हेच आधी कळावे लागते.

उणीवाही आहेत. जाण्याचे शब्द शिकवले, पण त्रास सांगण्याचे शिकवले नाहीत. ‘शू करताना जळजळते’, ‘शी होत नाही’, ‘शीच्या जागी दुखते’ अशी वाक्ये मुलांकडे नसतात, म्हणून ती नुसती रडतात आणि डॉक्टरांसमोर आईला अंदाजाने बोलावे लागते. शरीराच्या या भागांना ‘शूची जागा’, ‘शीची जागा’ असे म्हणतात. ते लहानांना पुरते, परंतु मोठ्या गटाला नीट नावे सांगायला हवीत, आणि धुऊन देणाऱ्या माणसाखेरीज कोणी तिथे हात लावला तर घरी सांगायचे, हेही याच वेळी शिकवता येईल. मी हे बोलले आहे. ताईंनी पालकसभेत विषय घेण्याचे कबूल केले आहे. दुसरे म्हणजे संडासाचे भांडे लहान मुलांच्या उंचीचे नाही, त्यामुळे मूल शब्द बरोबर बोलले तरी वर बसवायला मावशी यावीच लागते. पायाखाली घ्यायचा एक लहानसा पाट ठेवला, तरी बरेच काम होईल.

प्रवेश घेणार असाल, तर पहिल्या भेटीत फी विचारण्याआधी आपल्या घरी शू-शीला काय म्हणतात ते ताईंना सांगावे. त्या ते मुलाच्या नावासमोर वहीत लिहून घेतात.