अणू-आयन संच: मणी झकास, पुस्तिका कच्ची

आठवी-नववीच्या मुलांसाठी हा 'अणू बनवा' छापाचा संच अप्पा बळवंत चौकात ६५० रुपयांना मिळाला. छापील किंमत ७५० आहे. मागितली तर सवलत देतात, न मागता कोण देणार! कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच धर्तीचे दोन-तीन संच तिथे शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि आतला माल जवळजवळ सारखाच.

खोक्यात चार जाड तबकड्या आहेत. प्रत्येकीवर कवचांची (अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन ज्या थरांत असतात त्यांची) गोल वर्तुळं आणि त्यांत खाचा. निळे मणी म्हणजे इलेक्ट्रॉन, लाल मणी म्हणजे प्रोटॉन. हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत वीस मूलद्रव्यांची पत्ती, प्रश्नांची पत्ती, एक छोटा दिवा बॅटरीसकट आणि मराठी पुस्तिका. पत्त्यांवर नावं मराठी-इंग्रजी दोन्ही आहेत. आमची नात सेमी इंग्लिशला आहे, त्यामुळे ती सोय उपयोगी पडली.

माझी उभी हयात भोसरीत निकेल प्लेटिंगच्या टाक्यांजवळ गेली. अ‍ॅनोडवरचा, म्हणजे धन टोकाच्या पट्टीवरचा, निकेलचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन (विद्युतभार आलेला अणू) होऊन पाण्यात उतरतो, आणि तसाच एखादा निकेल आयन समोर टांगलेल्या जॉबवर, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूवर, दोन इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू होऊन बसतो. एक अँपिअर तासभर चालवला की साधारण १.१ ग्रॅम निकेल चढतं. तेव्हा आयन या विषयात मला कोणी गंडवू शकत नाही, एवढं समजून पुढचं वाचा.

आधी चांगलं सांगतो. सोडिअमच्या तबकडीवर २, ८, १ असे मणी लावायचे आणि बाहेरचा एकटा मणी उचलून क्लोरीनच्या २, ८, ७ मधल्या रिकाम्या खाचेत ठेवायचा. आता सोडिअमकडे प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉन १०, म्हणून भार अधिक एक. क्लोरीनकडे १७ आणि १८, म्हणून उणे एक. 'इलेक्ट्रॉन गेला तर वजा व्हायला हवं, मग अधिक कसं?' हा प्रश्न वहीत कितीही समजावला तरी परत येतो. इथे नातीने लाल-निळे मणी मोजले आणि विषय मिटला. क्लोरीनची संयुजा (जोडणीत तो किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा) सात नसून एक का, याचंही उत्तर ती एक रिकामी खाच देते.

गोंधळ होतो तो लाल मण्यांचा. ते मधल्या वाटीत सुटे ठेवलेत. पत्त्यावर 'सोडिअमचा धन आयन बनवा' आलं की निम्मी मुलं वाटीत एक लाल मणी वाढवणार, कारण अधिक म्हणजे वाढवायचं! नातीने नेमकं तेच केलं. मी म्हटलं, "अगं, बारा प्रोटॉन झाले की ते सोडिअम राहिलंच नाही, मॅग्नेशिअम झालं." रासायनिक बदलात अणुकेंद्राला कोणी हात लावत नाही, आणि इथे तर ते हाताळायलाच दिलंय. उपाय सोपा आहे: एकदा अणू मांडला की वाटीवर पारदर्शक चिकटपट्टी लावा. हे कंपनीलाच सुचायला हवं होतं.

दुसरी अडचण पोटॅशिअमची. तिसऱ्या वर्तुळात १८ खाचा आहेत, म्हणजे २n² या सूत्राप्रमाणे (n हा कवचाचा क्रमांक) बरोबर. मग १९ मणी हातात आले की मूल २, ८, ९ असंच मांडणार. खरं संरूपण, म्हणजे कवचवार मांडणी, २, ८, ८, १. तिसऱ्या कवचातल्या उरलेल्या जागांपेक्षा चौथ्या कवचाची पहिली जागा कमी ऊर्जेची असते, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिकडे जातो. पुस्तिकेत यावर चकार शब्द नाही.

त्याऐवजी पुस्तिकेत काय आहे, तर 'सोडिअम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो, कारण त्याला आठ हवे असतात'. हे मला अजिबात पटलं नाही. वायुरूपातल्या एक मोल (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक मोठी संख्या) सोडिअममधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल खर्च येतो आणि क्लोरीन तो घेताना सुमारे ३४९ परत मिळतात. इथपर्यंत धंदा तोट्याचाच. तो तोटा वसूल होतो धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून मिठाच्या स्फटिकात बसतात तेव्हा. त्यात सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. नातीचा पुढचा प्रश्न रास्त होता: "आबा, मग सोडिअम दुसरा पण इलेक्ट्रॉन का देत नाही?" कारण दुसऱ्याचा भाव आहे सुमारे ४,५६२. तो आतल्या भरलेल्या कवचातला असतो, आणि मीठ बनून मिळणाऱ्या ऊर्जेत तो खर्च निघत नाही. आठवीच्या मुलीला हा जमाखर्च समजला, तेव्हा 'आनंदाने' लिहायची काही गरज नव्हती.

दिव्याचा प्रयोग मात्र मुलांना फार आवडतो. साखरेच्या पाण्यात दिवा पेटत नाही, मिठाच्या पाण्यात पेटतो. आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्यातही मंद पेटला, कारण त्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअमचे आयन भरपूर. गीझरमध्ये पांढरा थर साचतो त्यात हेच. पण मिठाच्या पाण्यातून वीज गेली की धन टोकाला क्लोरीन वायू सुटू शकतो. पुस्तिकेत सावधगिरीची एक ओळही नाही. खिडकी उघडी ठेवा, पाणी थोडंच घ्या, दिवा पेटलेला दिसला की तारा बाहेर काढा. सोबत दिलेले लोखंडी खिळेही वापरू नका, पाणी तांबूस गढूळ होतं. पेन्सिलीची शिसं लावा.

तांबं, लोखंड, निकेल यांतलं काहीच संचात नाही, त्यामुळे फेरस-फेरिकचा (लोखंडाच्या दोन आणि तीन इलेक्ट्रॉन गेलेल्या आयनांचा) गृहपाठ इथे सुटणार नाही. दहावीच्या मुलासाठी घेऊ नका.

आठवीला असेल तर घ्या, पण जादा मण्यांची ४० रुपयांची पुडी त्याच वेळी मागून घ्या. निळे मणी फक्त चाळीस दिलेत. मिठाला २८ लागतात, तेवढं भागतं. मॅग्नेशिअम क्लोराइडला मात्र १२ आणि दोनदा १७ मिळून ४६ हवेत, आणि प्रश्नांच्या पत्त्यांत तो प्रश्न आहेच.